जोडगोळी

३ फेब्रुवारी

मराठीत लिहितेय, कारण कॉलेजात हे कुणाला वाचता येणार नाही. माझं मराठी म्हणजे घरात बोलायचं मराठी. शाळा सगळी इंग्लिशमध्ये झाली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचं जाऊ दे.

आज आईला डॉक्टरबाईंकडे नेलं. पहिल्या गोळीने काहीच झालं नव्हतं. दुसरीने नुसती झोप आली. तिसरीने जरा बरं वाटलं आणि मग गाडी तिथेच अडकली. डॉक्टरबाई म्हणाल्या, काही डिप्रेशनं अशी असतात, एका गोळीला दाद देत नाहीत. तेव्हा तिसरी चालू ठेवून तिच्या जोडीला चौथी देऊ. "दोघी वेगवेगळ्या बाजूंनी काम करतात. एकीला झेपलं नाही ते दोघी मिळून उचलतील कदाचित. हृदयाचा ईसीजी काढून घेऊ, रिपोर्ट बघून मी फोन करते."

आई बराच वेळ टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे जोडगोळी."

डॉक्टरबाई खळखळून हसल्या. मला आधी कळलंच नाही. जोडगोळी म्हणजे सारख्या चिकटून फिरणाऱ्या दोघी, आई आणि मावशीसारख्या, एवढं माहीत होतं. पण त्यात गोळी बसलीय हे कधी लक्षातच आलं नव्हतं! आईने जोक मारला. आईने!

बाहेर पडलो तर समोरून माझ्या वर्गातली एक जण येत होती. मी आईचा दंड धरला आणि बाजूच्या चष्म्याच्या दुकानात शिरले. दुकानदार उठून उभा राहिला. आई त्याला म्हणाली, "काही नकोय हो, नुसतं लपलोय."

हे लिहायला नको होतं.

४ फेब्रुवारी

आजपासून गोळ्या ऑफिशियली माझ्या ताब्यात. बाबा बोटीवर, घरी येतात ते पाहुण्यासारखे. मावशीला खालची ड्रायव्हिंग स्कूल सोडून वर यायला वेळ नसतो. स्कूल दोघी बहिणींची आहे. आई गाडीत बसून शिकवायची, मावशी टेबल सांभाळायची. आता आईच्या जागी 'नवे सर' येतात. शिकायला येणाऱ्यांना मी सांगितलंय की आईच्या पाठीचा मणका सरकलाय. मणका कसा, ऐकायला बरा वाटतो.

मी बायोटेकची आहे, शेवटी उपयोग कधी व्हायचा? रात्रभर नव्या गोळीबद्दल वाचलं. मेंदूत काय कुठे जाऊन बसतं त्याचं चित्र काढून फ्रिजवर लावलं. आईला म्हटलं, "तू फक्त गिळायचं. बाकी डोकं मी लावते."

"बरं, कंपाउंडर," आई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

जुनी गोळी पांढरी, नवी पिवळी. दोन्ही रात्री.

९ फेब्रुवारी

डॉक्टरबाईंचा फोन आला तेव्हा आई झोपलेली होती. मीच घेतला. मागे पेशंटचं बोलणं ऐकू येत होतं, घाईत होत्या. "रिपोर्ट तसा ठीक आहे, पण जरा जपून जाऊ. जुनी गोळी आता दिवसाआड द्या. नवी रात्री आहे तशीच. लक्षात आलं ना?"

"हो डॉक्टर, एकदम."

दिवसाआड. काय मस्त शब्द आहे! दाराआड, पडद्याआड, तसं दिवसाआड. रात्री दोघी एकत्र जातात ते बरोबर नसणार, म्हणून एकीला रात्रीतून काढून दिवसात टाकलं. दुपारी जेवणानंतर देते आता. असे शब्द शाळेत शिकवले असते तर मराठी किती आवडलं असतं मला.

१० फेब्रुवारी

मावशीला सांगितलं, जुनी दिवसा, नवी रात्री.

मावशी म्हणाली, "वा! दोन शिफ्टमध्ये कामाला जुंपलंस की त्यांना."

१७ फेब्रुवारी

झालं! होतंय! लागू पडतंय!

आज आई आपणहून उठली, केस विंचरले आणि खिडकीशी जाऊन बसली. खाली स्कूलच्या गाडीत एक रिटायर्ड काका शिकत होते. गाडी नुसती घुरघुरत होती, हलेना. नवे सर मोबाइल बघत होते. आईने खिडकी उघडली आणि एकदम तिच्या जुन्या आवाजात ओरडली, "अहो काका, हँडब्रेक काढा आधी! रडतेय ती बिचारी!"

सगळा रस्ता वर बघायला लागला. मावशी दारात येऊन उभी राहिली, तोंडावर हात ठेवून. काकांनी हँडब्रेक काढला आणि वर बघून चक्क सॅल्यूट ठोकला. आई खिडकी लावून परत आत आली. धाप लागली होती तिला, पण गाल वेगळे दिसत होते.

मी बाबांना व्हॉइस मेसेज पाठवला. त्यात 'मी' हा शब्द फार वेळा आला, नंतर ऐकल्यावर कळलं.

२४ फेब्रुवारी

आईचे हात थरथरतात. कप बशीवर वाजतो. जीभ टाळूला चिकटते म्हणते, सारखं पाणी लागतं. घाम पण खूप येतो.

नेटवर बघितलं. नवीन औषधाला शरीर रुळायला वेळ लागतो असं लिहिलंय. आईला तेच सांगितलं. ती म्हणाली, "तुला माहीत." टोमणा होता की विश्वास, कळलं नाही. विश्वासच असेल.

२८ फेब्रुवारी

सकाळी बाथरूमच्या दारात आईचा तोल गेला. बादली धरून उभी राहिली म्हणून वाचली. छाती धडधडत होती. तसंच गाडीत घालून डॉक्टरबाईंकडे नेलं.

नर्सने आईला आतल्या खोलीत ईसीजीला घेतलं, तेवढ्यात डॉक्टरबाईंनी मला विचारलं, "जुनी दिवसाआडच देताय ना? नक्की?"

"दिवसाआडच. एकसुद्धा चुकवलेली नाही."

"गुणी आहात," त्या म्हणाल्या. मला इतकं बरं वाटलं ते ऐकून, आई आत पडलेली असताना. मग त्या हनुवटीला पेन लावून विचार करत बसल्या. "जुनी इतकी कमी करूनसुद्धा हे होतंय, म्हणजे दोघी एकत्र यांना सोसत नाहीत. वाईट वाटतंय, कारण मूड खरंच उचलला होता. पण नवी हळूहळू बंद करू. पुढचं मग बघू."

इतकी कमी? मला काही कमी वाटली नव्हती. असेल, त्यांच्या हिशोबाने कमी असेल.

आईला बाहेर आल्यावर सांगितलं. ती बटणं लावत होती, हात थरथरत असल्यामुळे लागत नव्हती. मी लावून दिली. ती म्हणाली, "औषधंसुद्धा कंटाळली मला."

२ मार्च

आई खाली गेली आणि गाडीची किल्ली मावशीच्या टेबलावर ठेवली.

"नव्या सरांना कायमचं ठेवून घे."

मावशी म्हणाली, "त्या मोबाइलवाल्याला? त्याच्यापेक्षा गाडीला आपोआप शिकवू दे."

"मी हसण्यावारी नेत नाहीये ताई."

"मग मी पण नेत नाहीये. उचल ती किल्ली."

"माझा पार्टच खराब आहे. किती ऑइल घालशील? डॉक्टरांनी एक दिली, दोन दिल्या, जोडीने दिल्या. चार गोळ्या वाईट आणि मी एकटी चांगली, असं असतं का कधी?"

मावशी उठून आत निघून गेली. मावशी! किल्ली तिथेच राहिली.

मला रडू आलं म्हणून मी गाडी पुसायला गेले.

५ मार्च

मावशीला दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं, म्हणून कॉलेज बुडवून टेबलावर बसले. जाताना मावशी म्हणाली, "ते हँडब्रेककाका येतील. रोज रोज झेपत नाही म्हणतात, गुडघा धरतो. त्यांना आता दिवसाआड लावून टाक."

मी काकांना दुपारची वेळ लावून दिली. काका म्हणाले, "दुपारी? बरं. ऊन असतं, पण बरं."

६ मार्च

दुपारी मावशी टेबलावर, मी बाजूला, आणि काका हजर. घामाघूम, गुडघ्याला पट्टा.

मावशी म्हणाली, "अहो काका, आज कुठे? काल तर झाला ना तुमचा क्लास?"

"मुलीने रोज दुपारी बोलावलंय."

मावशी माझ्याकडे वळली. "तुला मी काय सांगितलं होतं?"

"दिवसाआड. म्हणून तर दुपारी दिली."

मग काका हसायला लागले आणि मावशी खुर्चीत मागे रेलून हसायला लागली. सुजलेला गाल धरून. "अगं बये! दिवसाआड म्हणजे एक दिवस सोडून! आज आलं की उद्या नाही, परवा! अहो काका, हिला एवढ्या मोठ्या शाळेत घातली, आणि हिला परवा कळत नाही!"

मी पण हसले. दोघांच्या बरोबरीने हसले, हे मला आठवतंय. आणि हसता हसता डॉक्टरबाईंचा फोन आठवला.

जुनी गोळी आता दिवसाआड द्या.

मी रोज दिली. रोज. जेवणानंतर, पाण्याच्या ग्लासासकट. एकसुद्धा चुकवली नाही.

वर येऊन वाचलं. पांढरी जास्त झाली की पिवळी अंगातून लवकर बाहेरच पडत नाही, साठत जाते. कापरं, कोरडी जीभ, धडधड, तोल जाणं. सगळं लिहिलेलं आहे. हे मला महिन्यापूर्वी पण वाचता आलं असतं. मी मेंदूचं चित्र काढत बसले होते.

७ मार्च

आज दुपारी पांढरी दिली नाही. आई म्हणाली, "दुपारची?"

"डॉक्टरांनी कमी केलीय. आता एक दिवस सोडून."

खोटं नाहीये ते. फक्त शिळं आहे.

सांगणार आहे. आधी थोडी बरी होऊ दे, मग सांगते. आत्ता सांगून तिला आणखी त्रास कशाला?

हे वाक्य परत वाचलं. तिला त्रास म्हणे.

९ मार्च

आईचे हात बरेच थांबले. कप वाजला नाही आज. मला उड्या माराव्याशा वाटल्या.

आई म्हणाली, "बघ, ती पिवळी कमी केल्याबरोबर फरक पडला. तीच बाधत होती."

मी भाजी चिरत होते. मान वर केली नाही.

"आणि तो मधला आठवडा," ती म्हणाली, "खिडकीतून ओरडले वगैरे, ते पण खरं नसणार. तुम्ही सगळे इतके वाट बघत होतात, म्हणून वाटून घेतलं असेल मी."

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. 'खरं होतं आई, ते खरं होतं, मी बिघडवलं.' एवढंच वाक्य. तोंडात तयार होतं. आणि मी काय म्हटलं? "भाजीत तिखट किती घालू?"

मला भीती कशाची वाटते ते आज कळलं. आई रागावेल याची नाही. डॉक्टरबाई मला गुणी म्हणाल्या होत्या, ते परत घेतील याची. इतकी घाण आहे मी.

१० मार्च

नाही सांगितलं.

११ मार्च

आज पिवळी पूर्ण बंद करायची की नाही ते डॉक्टरबाई ठरवणार होत्या. गाडी मी चालवली. क्लिनिकच्या समोर लावली, इंजिन बंद केलं, पट्टा सोडला नाही.

"आई, दिवसाआड म्हणजे काय?"

"एक दिवस सोडून. का?"

किती पटकन सांगितलं तिने. विचारसुद्धा करावा लागला नाही.

मग मी सांगितलं. फोन, दुपार, पांढरी, हँडब्रेककाका. मध्ये मध्ये "मला वाटलं" असं म्हणत होते, ते मलाच ऐकवत नव्हतं. आई समोरच्या काचेतून बघत होती. एक माणूस मोटारसायकल ढकलत चालला होता, तो दिसेनासा होईपर्यंत तिने त्याच्याकडे बघितलं.

"मला वाटत होतं, माझं शरीरच नालायक आहे," ती म्हणाली.

"सॉरी आई."

"फोन आला तेव्हा मी कुठे होते?"

"झोपली होतीस."

"आणि उठल्यावर?"

मी स्टिअरिंगवरची धूळ पुसली.

"उठल्यावर मला सांगायचंस ना, डॉक्टर असं असं म्हणाल्या. जसंच्या तसं. गोळी माझ्या पोटात जाणार होती." मग आवाज चढला. "कार्टे, मी आजारी आहे! मला मराठी येतं अजून!"

धाडकन दार लावून उतरली. वर्षभरात ती माझ्यावर एकदाही ओरडली नव्हती. मी मागून पळत गेले.

आत डॉक्टरबाईंनी विचारायच्या आधीच आई म्हणाली, "डॉक्टर, माझ्याकडून एक चूक झालीय. तुम्ही जुनी गोळी दिवसाआड सांगितली होती, मी रोजच घेत होते."

मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, तुम्ही लोकांना गाडी शिकवता, तुम्हाला नियम मी सांगायचे? असं मनाने घेतात का कुणी? काय होऊ शकलं असतं कल्पना आहे?" अजून बरंच बोलल्या. आई शाळेतल्या मुलीसारखी मान खाली घालून ऐकत होती. कानाजवळचे केस घामाने चिकटले होते तिचे.

आणि मी ऐकून घेतलं. लगेच नाही बोलले. मनात एक क्षण आलं, की झालं, मिटलं, सुटले. तो क्षण मी कधीच कुणाला सांगणार नाही, इथे पण परत वाचणार नाही.

मग म्हटलं, "तिने नाही. मी दिली. मला दिवसाआड म्हणजे दिवसा वाटलं."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे, मग परत माझ्याकडे. "दिवसा?"

"हो."

"आणि मी तुम्हाला विचारलं तेव्हा..."

"तेव्हा पण दिवसाच वाटत होतं."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. हसल्या नाहीत. "फोनवर एवढ्या घाईत बदल सांगितला, ते माझं चुकलं. मेसेज तरी करायला हवा होता." मग आईला म्हणाल्या, "पण याचा अर्थ कळतोय का तुम्हाला? जोडी सोसत नाही, असं अजून ठरलेलंच नाही. तुम्हाला ती नीट मिळालीच नाही कधी. आज पुन्हा ईसीजी काढू, काही दिवस थांबू, आणि बरोबर मापाने परत सुरू करू. चालेल?"

आई म्हणाली, "म्हणजे तो खिडकीचा आठवडा..."

"कुठला आठवडा?"

"काही नाही," आई म्हणाली. पण तिने रुमाल काढला.

परत येताना मी विचारलं, "आत तू स्वतःवर का घेतलंस?"

"सवय. शिकणाऱ्याने ठोकली की शिकवणाऱ्याने उतरून सॉरी म्हणायचं असतं."

"पण गाडी तर मी तुझ्या हातात दिलीच नव्हती."

"तेच," आई म्हणाली. "घरी गेल्यावर गोळ्यांचा डबा माझ्याकडे दे."

१२ मार्च

डबा दिला. फ्रिजवरचं मेंदूचं चित्र काढायला गेले, तर आई म्हणाली, "राहू दे, रंग चांगले आहेत."

५ एप्रिल

जोडी परत सुरू झालीय. पांढरी एक दिवस सोडून, पिवळी रोज रात्री. आई स्वतः घेते. मला विचारायचा मोह होतो, घेतलीस का, घेतलीस का. जीभ चावून गप्प बसते.

काही सकाळी ती अजून उठत नाही. मी लगेच काहीतरी वाचायला घेते, मग बंद करते आणि तिच्या खोलीत जाऊन नुसती बसते. बसायला सुद्धा शिकावं लागतं, मला येत नाही नीट. काल ती म्हणाली, "पाय हलवू नकोस, पलंग हलतो."

किल्ली अजून मावशीच्या टेबलावर आहे. मावशी तिच्यावर फाइल ठेवत नाही, धूळ मात्र पुसते.

१९ एप्रिल

आईला हात जोडून सांगितलं होतं, बाकी कुणालाही सांग, मावशीला सांगू नकोस. मावशी ते माझ्या लग्नापर्यंत पुरवेल.

आज कॉलेजातून आले तर स्कूलचं दार अर्धं उघडं आणि आतून आईचा आवाज. मी दाराशीच थांबले. मावशी टेबलावर, आई समोरच्या बाकावर, आणि बाजूला हँडब्रेककाका.

"...तर ही फोनवर म्हणते, हो डॉक्टर, एकदम!" आईने माझा आवाज काढला. हुबेहूब. मी खरंच अशी नाकात बोलते? "आणि मला कशी द्यायची माहितीये? ग्लास पुढे, मान तिरकी, नर्सबाईसारखी. आई, गिळ!"

मावशीला हसताना ठसका लागला. काका म्हणाले, "पण मणक्याला डिप्रेशनची गोळी? तुमची पाठ..."

मी दाराआड सरकले.

"पाठ ठणठणीत आहे काका," आई म्हणाली. "दुखणं डोक्याचं आहे. डिप्रेशन. बरीच वर्षं. मणका हिने सरकवला, तिला लाज वाटत होती."

काकांनी गुडघ्याचा पट्टा सोडून परत बांधला. मग म्हणाले, "आमच्या हिला पण होतं हो. आम्ही थायरॉइड सांगायचो."

कुणीच हसलं नाही. मावशीने काकांच्या पुढे पाण्याचा ग्लास सरकवला. माझी मान, कान, सगळं पेटलं होतं. वाटलं तसंच मागच्या मागे निघून जावं.

तेवढ्यात मावशी म्हणाली, "बरं, मग पुढे?"

"पुढे काय, एवढं सगळं सांगून झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, कळलं ना? तर ही म्हणते, हो, पण डॉक्टर, दिवसाआड तर कळली, रात्रीआड कुठली द्यायची?"

टेबलावर हात आपटून हसले तिघं. आई पण. पुढे वाकून, डोळे पुसत.

असं मी कधी विचारलंच नव्हतं. फोनवरही नाही, क्लिनिकमध्येही नाही. हे तिने आत्ता, तिथे बसून रचलं होतं, मला आहे त्यापेक्षा जास्त मूर्ख करून. मी दारावर हात ठेवला होता. आत जाऊन म्हणणार होते, आई, खोटं काय सांगतेस.

नाही गेले. तिथेच उभी राहून, कान लाल करून, सगळं ऐकलं.